अर्ध्या रिमवरचा डिंक

धारूरला बसस्टँडच्या मागल्या अंगाला शहादेव मिस्त्रीचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. पूर्वी होती. ती नव्यानं रंगवायची ठरली, तेव्हा जुना रंग पुरता खरवडल्याशिवाय नवा लावायचा नाही असं शहादेवनं मनावर घेतलं. आणि खरवडणं संपलं तेव्हा पाटीचा पत्राच शिल्लक राहिला नाही. त्याला अकरा वर्षं झाली. गावाचं काही अडलं नाही. धारूरात शहादेवला 'उद्या' म्हणतात. "उद्याकडं चाललो" असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला कळतं, याची सायकल पंक्चर झालीय आणि याला आज दुसरं काही काम नाही.

दुसरा कुठलाही मिस्त्री पंधरा मिनिटांत पंक्चर काढून मोकळा होतो. शहादेवला तेवढा वेळ नुसतं ट्यूबकडं बघायला लागतो. मग त्याला आधीच्या ठिगळाची कड सुटलेली दिसते. मग ते ठिगळ काढायचं, त्याच्या खालचा वाळका डिंक काढायचा, ट्यूब धुवायची, सावलीत सुकवायची. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "मिस्त्री, जुन्यावरच नवं दाबा की राव." त्यावर शहादेव मान वर न करता सांगायचा, "घाणीवर डिंक लावला का त्यो घाणीला चिकटतो. मपल्याला ट्यूबला चिकटवायचंय."

हे अगदी खरं होतं आणि म्हणूनच धंद्याला वाईट होतं. त्यानं लावलेलं ठिगळ सुटत नसे, त्यामुळं गिऱ्हाईक परत येत नसे. त्यात गावात घरोघर मोटारसायकली झाल्या. शहादेवच्या घरी असं होतं की घर बायकोच्या, बायडाबाईच्या, शेळ्यांवर चालायचं आणि दुकान शहादेवच्या तत्त्वांवर.

त्याच्या हातात याहून मोठा हुन्नर होता, पण ते धारूरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो पुण्याला गेला आणि करीम उस्ताद नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात सात वर्षं राहिला. तिथं शर्यतीच्या सायकली यायच्या. नेहमीच्या टायरला कडेनं तार असते, ती रिमच्या काठात अडकून बसते. शर्यतीच्या या टायरला तार नसते. ट्यूब आत ठेवून टायर खालच्या बाजूनं शिवून टाकलेलं असतं, सापासारखं गोल. रिमलाही काठ नाही, नुसती उथळ पन्हळ. टायरला चाकावर धरून ठेवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे डिंक. नवं टायर चढवायच्या आधी जुन्या डिंकाचा कणही रिमवर दिसता कामा नये, हा उस्तादांचा कायदा. घाट उतरणारा पोरगा ब्रेकच्या नाही, तुझ्या अंगठ्याच्या भरवशावर उतरतो, असं ते शहादेवला सांगायचे.

पुढं वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं, शहादेव गावी आला, लग्न झालं, दुकान टाकलं. नंतरच्या चौतीस वर्षांत डिंकानं टायर लावलेली एकही सायकल धारूरच्या वेशीत शिरली नाही.

शिरली ती गेल्या वर्षी ऑक्टोबरात, अर्जुनराव आबांच्या वाढदिवसामुळं. आबा जिल्हा परिषदेवर दोनदा निवडून आले होते, एकदा पडले होते आणि पुन्हा उभं राहायच्या बेतात होते. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं. आबांनी या सल्ल्याचा सार्वजनिक उपयोग करायचं ठरवलं. वाढदिवस रविवारी येत होता. त्या दिवशी सकाळी 'तंदुरुस्त तालुका' नावाची सायकल फेरी काढायची. किल्ल्यापासून निघायचं, घाटातल्या दुसऱ्या वळणापर्यंत उतरायचं आणि तिथून सगळ्यांनी टेम्पोत बसून परत यायचं, कारण परतीला चढ होता. आबा सगळ्यांच्या पुढं राहणार. आता पुढं राहणाऱ्या माणसाला साधी सायकल शोभेना, म्हणून पुण्याच्या एका पाव्हण्यामार्फत शर्यतीची वापरलेली सायकल मागवली. तांबडी, हलकी, दोन बोटांवर उचलावी अशी. टायरं तेवढी तडकलेली होती. नवी टायरं आणि डिंकाचे डबे पार्सलनं आले.

बुधवारी सकाळी आबांचा उजवा हात समजला जाणारा बंकट ही सायकल जीपमधून घेऊन शहादेवच्या दुकानासमोर उतरला.

"मिस्त्री, येवढी टायरं चढवा. मी तवर चहा पिऊन येतो."

 शहादेवनं तोवर पुढचं चाक काढून मांडीवर घेतलं होतं. टायर बोटानं उचलून बघितलं. खाली काकवीच्या रंगाचा, वाळून कडक झालेला डिंक होता. त्याला नाक लावल्याबरोबर शहादेव एकोणीस वर्षांचा झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बंकटला वाटलं, धूळ गेली.

"रईवारी पायजे ना?" शहादेव म्हणाला. "मंग आताच सांगतो, हुनार न्हाई. पुढल्या बुधवारी या."

"मिस्त्री, वाढदिवस रईवारी हाय. आबा बुधवारी कावून जन्मतील?"

"जुना डिंक काढायला येका चाकाला दीड दिस. मंग नव्या डिंकाचा पयला हात, त्यो वाळू द्यायचा. मंग दुसरा हात. मंग टायर. मंग येक दिस चाकाला कुनी हात लावायचा न्हाई."

"आन् जुना डिंक काढलाच न्हाई तर?"

"तर नवं टायर जुन्या डिंकाला चिकटल. रिमला न्हाई."

बंकटनं थोडा विचार केला. "पर जुना डिंक रिमला चिकटल्यालाच हाय की. म्हंजे येकूण येकच झालं."

हा युक्तिवाद ऐकून शहादेव पुन्हा चाकाकडं वळला. बंकट पुढं राजकारणात नाव काढणार हे त्या दिवशीच दिसत होतं.

बंकट गेला आणि शहादेवनं कामाला हात घातला. धारदार पत्रा वापरायचा नाही, ॲल्युमिनियमला चरे पडतात. म्हणून बांबूची एक कांब तासून घेतली. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी वीतभर जागेवर ठेवायची, डिंक मऊ पडू द्यायचा, कांबेनं सोडवायचा आणि उरलेला अंगठ्यानं रगडत राहायचं. रगडता रगडता त्याच्या तपकिरी गोळ्या वळतात. एक वीत झाली की पुढची वीत. दुपारी बायडाबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा शहादेवच्या पायाशी अशा गोळ्यांचा ढीग होता आणि तो आपल्याशीच हसत होता.

"आवं, हसताव कावून?"

"ह्ये बघ." त्यानं चाक उन्हात धरलं. साफ केलेला भाग ताटासारखा चमकत होता.

"काय बगू? मपल्या शेळ्यांच्या भांड्याला कदी येवढं घासलं न्हाई तुमी," ती म्हणाली. पण जाताना तिनं जुन्या लुगड्याचा अजून एक तुकडा त्याच्याजवळ टाकला.

गुरुवारी दुपारी पुढची रिम लख्ख झाली. डिंकाचा पहिला हात बसला, शुक्रवारी दुसरा, संध्याकाळी टायर. शहादेवनं ते उभं धरून दोन्ही हातांनी खाली ओढत ओढत चढवलं, सरळ बसलंय का ते चाक फिरवून दहा वेळा बघितलं आणि हवा भरून खुंटीला टांगलं. मधल्या वेळात मागचं चाक चालूच होतं. पण मागचं चाक पुढच्यासारखं सज्जन नव्हतं. सायकलच्या आधीच्या मालकानं दरवेळी जुन्यावरच नवा डिंक ओतला होता. एक थर सोडवावा तर खाली दुसरा, त्याखाली तिसरा. शनिवारी दुपारी बंकट आला तेव्हा शहादेव बरोबर अर्ध्यावर पोचला होता. हवा भरायच्या नळीपासून अर्धी रिम साफ, उरलेली अर्धी काळी.

"द्या सायकल."

"मागलं चाक व्हायचंय."

"अर्धं तर झालंय की!"

"अर्ध्या चाकावर आबाला बसवतूस का बे?" शहादेव पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "टायर निघून पडल वळणावर."

"आबा वळत न्हाईत," बंकट म्हणाला. "सरळच जातेत." आणि त्यानं दोन्ही चाकं, सांगाडा आणि टायर जीपमध्ये टाकलं. चौकात अंगदचं टायरचं दुकान होतं. हवेचं मशीन, गिऱ्हाइकाला बसायला फिरती खुर्ची, भिंतीवर आरसा. अंगदनं काळ्या अर्ध्यावर आणि साफ अर्ध्यावर सारखाच डिंक फासला, टायर दाबलं आणि अर्ध्या तासात चाक हातात दिलं. बंकटनं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, मिस्त्री असावा तर असा.

रविवारी शहादेव पहाटेच आपली सायकल घेऊन घाटात गेला आणि दुसऱ्या वळणावर उभा राहिला. कशाला गेलो ते त्याला धड सांगता आलं नसतं. वळणावर डोंगरातल्या बाया सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. साडेसातला फेरी दिसली. पुढं हलगी वाजवणारा टेम्पो, मागं पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये आबा, त्यांच्या मागं शंभरेक पोरं. रस्त्याच्या कडेला उभ्या सगळ्यांनी आबांकडं बघितलं. शहादेव एकटा पुढच्या चाकाकडं बघत होता. रेघ मारल्यासारखं सरळ फिरत होतं. चौतीस वर्षांत त्यानं इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं.

वळणावर आबांनी ब्रेक दाबला. मागचं टायर कातडं सोलावं तसं रिमवरून बाजूला सरकलं, उघडी रिम डांबरावर किंचाळली आणि सायकल आबांच्या खालून निघून गेली. वेग फार नव्हता. आबा घसरत घसरत आले आणि एका म्हातारीच्या सीताफळांच्या पाटीत बसले.

क्षणभर हलगीसुद्धा थांबली. मग जे घडलं त्यावरून आबा दोनदा का निवडून आले होते ते कळतं. कोपर खरचटलेलं, पांढऱ्या ट्रॅकसूटला गर लागलेला, पण फोटोवाला मोबाइल उचलतोय हे दिसताच आबांनी एक धड सीताफळ हातात घेतलं, म्हातारीकडं वळून चेहरा गंभीर केला आणि विचारलं, "मावशी, काय भाव मिळतो ह्याला? यापारी लुबाडतेत का?"

म्हातारी म्हणाली, "आरं उठ की आधी!" पण फोटोत आवाज येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'वाढदिवशी सायकलवरून उतरून अर्जुनराव आबांनी जमिनीवर बसून जाणून घेतल्या सीताफळ उत्पादकांच्या व्यथा.' आठवड्याच्या आत डोंगराकडच्या गावांतून माणसं आबांना भेटायला येऊ लागली. महिन्याच्या आत सीताफळावर प्रक्रिया करणारा कारखाना धारूरला झालाच पाहिजे म्हणून मोर्चा निघाला. आबांना स्वतःला सीताफळ आवडत नसे, बिया फार असतात म्हणून.

शहादेवला यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्याला एकच गोष्ट सांगायची होती. मंगळवारी तो धुतलेला सदरा घालून आबांच्या घरी गेला. ओट्यावर बंकट होता.

"आबाला सांगायचंय, निघालेलं मागलं टायर मपलं न्हवतं. म्या पुढलं लावलंय."

"कुटलं टायर निघालं?" बंकटनं विचारलं.

"घाटात. म्या तितं उभा व्हतो."

"मिस्त्री, आबा सायकलवरून उतरले. पेपरात हाय. टायर निघालं असतं तर आबा पडले असते. आबा पडले का?"

 आबा पडले म्हणायला शहादेवची जीभ उचलेना आणि आबा पडलेच नाहीत तर टायर निघालं नाही. टायर निघालंच नाही तर ते कुणी लावलं हा प्रश्न उरत नाही. तेवढ्यात आबा बाहेर आले, त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि "झकास चालली सायकल, मिस्त्री" असं म्हणून ते गाडीत बसून निघून गेले.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण गाव काही पेपर वाचून मत बनवत नाही. शंभर पोरांनी टायर निघताना बघितलं होतं. सायकल चार दिवस उद्याच्या दुकानात होती हे बसस्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अंगदचं नाव बंकटनं आता घेणं सोडलं होतं. गावानं आपापसात हिशेब जुळवला. शुक्रवारी आबांच्या विरोधी गटाची चार माणसं दुकानात आली, त्याच्यासाठी चहा मागवला आणि त्यांच्यातला एक त्याच्या पाठीवर थाप मारून हळूच म्हणाला, "उद्या, लई बारीक डाव टाकलास बे. बरुबर वळणावर! मानलं तुला."

"म्या काई केलं न्हाई," शहादेव म्हणाला.

"आता काय, न्हाईच म्हननार तू," ते म्हणाले आणि हसत गेले.

यानंतर दुकानात गिऱ्हाईक वाढलं. आबांची माणसं यायची, कारण ती त्याला भ्यायची. विरोधी माणसं यायची, कारण ती त्याला मानायची. ज्यांच्याकडं सायकल नव्हती तेही नुसते येऊन बसायचे. 'उद्या' म्हणणं बंद झालं, 'शहादेवराव' सुरू झालं. आयुष्यभर त्यानं एकही काम वाईट केलं नव्हतं आणि मान मिळाला तो न केलेल्या वाईट कामाबद्दल. त्याला जेवण जाईना. शेवटी त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि बायडाबाईबरोबर शेळ्यांमागं डोंगरात जाऊ लागला.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी शेळ्यांकडं बी तसंच बगत बसताव. येक शेळी अर्धा दीस. जावा दुकानावर."

"समद्यांला वाटतं म्या मानूस पाडला."

"तुमचं पुढलं चाक तर नीट व्हतं ना?"

"व्हतं. पर त्ये कुनी बघितलं?"

 बायडाबाईनं त्याच्या हातात काठी दिली आणि उसात शिरू पाहणाऱ्या करडाकडं बोट दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत करिष्मा गावी आली. ही आबांची पुतणी, अंबाजोगाईला कॉलेजात शिकणारी. विद्यापीठाच्या सायकल शर्यतीत उतरायचं तिच्या मनात होतं, पण धड सायकल नव्हती. काकांची तांबडी सायकल गोठ्यात कडब्याला टेकून उभी दिसली तशी तिनं ती मागून घेतली. आबांना ती नजरेसमोर नकोच होती. शहादेवनं दुकान पुन्हा उघडलं होतं; करिष्मा दोन्ही चाकं खांद्याला अडकवून तिथं आली.

"मामा, पुढचं टायर कोणी लावलंय?"

शहादेवनं मान वर केली. या प्रश्नात काही डाव असेल असं त्याला वाटलं.

"कावून?"

"कालपासून काढून बघतेय. दोन्ही अंगठे लावले, भावाला बोलावलं, त्यानं पाय देऊन ओढलं. हलत नाही." तिनं मागचं चाक पुढं केलं. "आणि हे बघा. इथपासून इथपर्यंत टायर गच्च आहे. त्यापुढं सगळं लोंबतंय. नळीपासून बरोबर अर्धं. असं कसं?"

शहादेवनं चाक हातात घेतलं. ज्या वितीवर शनिवारी त्याचा अंगठा थांबला होता, बरोबर तिथपर्यंत टायर रिमला धरून होतं. पुढच्या अर्ध्यावर काळे थर टायरबरोबर खपल्यांसारखे उचलून आले होते. त्या सांध्यावरून त्यानं अंगठा फिरवला. मग सगळी हकीकत तिला सांगितली, बुधवारपासून शनिवारपर्यंत. करिष्मा काकांची पुतणी होती, तरी सीताफळाच्या पाटीपाशी आल्यावर तिला हसू आवरलं नाही.

"मामा, शर्यतीला सहा दिवस आहेत."

"सात लागतील."

"मी पण बसते रगडायला."

शहादेवनं तिच्याकडं बघितलं, तिचा हात उलटा करून अंगठा बघितला आणि लुगड्याची चिंधी तिच्यापुढं टाकली. पहिल्या दिवशी तिनं तीनदा विचारलं, "आता झालं?" तीनदा तो म्हणाला, "न्हाई." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. साफ केलेल्या भागावरून बोट फिरवायचं, किंचित अडखळलं की पुन्हा चिंधी लावायची, हे तिचं तिलाच कळायला लागलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी चाक तयार झालं.

शर्यत संभाजीनगरला झाली. करिष्मा चौथी आली. बक्षीस तिघींनाच होतं. तिनं तिथूनच फोन केला आणि पडल्या आवाजात नंबर सांगितला.

"टायर?" शहादेवनं विचारलं.

"उतारावर एका वळणाला माझ्या पुढच्या दोघी घसरल्या. मी नाही."

"मंग?"

"मग काय, त्या उठून पुन्हा माझ्या पुढं गेल्या."

शहादेवनं फोन ठेवून ही बातमी बायडाबाईला सांगितली, ती करिष्मा पहिली आल्यासारखी. बायडाबाईनंही कितवी ते विचारलं नाही.

गावात त्याची कीर्ती जशीच्या तशी आहे. मागल्या महिन्यात निवडणुकीचं वारं सुरू झालं, तेव्हा दोन्ही गटांनी आपापल्या माणसांना बजावलं की शहादेवरावांकडं गाडी नेऊ नका. त्यानं सायकलीशिवाय काही दुरुस्त केलं नव्हतं, पण खुलासे करणं त्यानं सोडून दिलंय. आबांची गाडी दुकानावरून जाते तेव्हा काच खाली होते, आबा हात जोडतात, काच वर जाते.

जानेवारीत करिष्मानं पाठवलेली पाच पोरं अंबाजोगाईहून चाकं घेऊन आली. शहादेवनं पाचही चाकं बघितली, जुन्या डिंकावर नख मारलं आणि सगळ्यांना सांगितलं, चार दिवस. तिघांनी चाकं उचलली आणि ते अंगदच्या दुकानाकडं गेले. दोघं रगडायला थांबले. त्यातल्या एकाची त्या आठवड्यात परीक्षा होती, म्हणून दुसऱ्या दिवशी येताना तो पुस्तक घेऊन आला. शहादेवनं ते फळीवर ठेवायला लावलं, कारण थिनरच्या हातानं पानं खराब झाली असती.